ढिल्या तारेची किंगरी

आबा, तुमच्या तेराव्याला मी भांडले. पंगतीत बुंदीचे लाडू वाढून झाले होते आणि मी मधल्या खोलीत उभी राहून तुमच्या धाकट्या मुलाशी चढ्या आवाजात बोलत होते. बाहेर जेवायला बसलेल्यांनी सगळं ऐकलं. सासऱ्याला जाऊन तेरा दिवस झाले नाहीत तोवर सून घर डोक्यावर घेतेय, असं कुणीतरी म्हणालंही. म्हणू दे. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर ढकलून दाराशी येऊन उभे राहिला असतात आणि म्हणाला असतात, "वैजू, मुद्द्यावर ये." तर मुद्द्यावरच येते. भांडण चित्रावरून झालं. आपल्या घरात दुसऱ्या कशावरून होणार होतं?

तुमचा मोठेपणा सांगायला मी हे लिहीत नाही. रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात किती वर्षं काढलीत, मागे कोण कोण आहे, ते सगळं शिरीष भावजींनी पेपरात दिलेल्या चौकटीत फोटोसकट आलंय. त्यात 'मनमिळाऊ' असंही छापलंय. मनमिळाऊ! ते वाचून तुमचा अनिलसुद्धा हसला, आणि तुम्ही गेल्यापासून तो पहिल्यांदाच हसला. भेटायला येणारे "सुटले हो" म्हणत होते. कशातून सुटले? तुम्हाला यंदाचा आमरस अजून खायचा होता. समोरच्या बिल्डिंगची गच्ची एका अंगाला कलली आहे, हे नगरपालिकेला चौथ्यांदा कळवायचं होतं. सुटायची तुम्हाला मुळीच घाई नव्हती. 'सुटले' म्हणणाऱ्यांशी मी पुढे एक शब्द बोलले नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही.

तर चित्र. तुमच्या पलंगासमोरच्या भिंतीवर, झोपून डोळे उघडले की पहिलं दिसेल असं लावलेलं. तुमचे वडील तळेगावच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होते, त्यांनी शाईनं काढलेलं. भैरवनाथाच्या देवळाचा दगडी ओटा, ओट्यावर मांडी घालून बसलेला एक उतरल्या चेहऱ्याचा माणूस, कानांत जाड कुंडलं, आणि मांडीवर आडवी ठेवलेली किंगरी. उजव्या बाजूला तेच वाद्य मोठं करून सुटं काढलेलं, बारीक बाण काढून एकेका भागाचं नाव लिहिलेलं. खाली सुबक अक्षरात 'किंगरी व ती वाजविणारा भिक्षेकरी'. त्या माणसाचं नाव नाही.

किंगरी म्हणजे काय, हे आता सांगावंच लागतं. मी शाळेत संगीत शिकवते, पण माझ्या मुलांना सोडा, स्टाफरूममध्येही कुणाला ठाऊक नसतं. अर्धी करवंटी कातड्यानं मढवायची, तिच्यात दांडी खुपसायची, एक तार ताणायची आणि गजानं ती घासायची. गजाला घुंगरं बांधलेली, म्हणजे सूर आणि ताल एकाच हातात. आपल्या मावळात नाथपंथी गोसावी पहाटे दारात यायचे, किंगरीवर भैरवनाथाची गाणी म्हणायचे, झोळीत पसाभर पीठ घ्यायचे, घरादाराचं भलं मागायचे आणि पुढच्या दारी जायचे. तुम्ही लहानपणी ऐकलं होतंत. "माणूस रडतोय की गातोय ते कळायचं नाही," असं तुम्ही सांगायचात. मी ते कधीच ऐकलं नाही. मी लग्न होऊन लोणावळ्यात आले तोवर दारं बंद ठेवायची पद्धत पडली होती.

आल्यानंतर आठवड्याभरात मी तुम्हाला म्हटलं होतं, "आबा, या चित्रात चूक आहे." आठवतंय? सासूबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली होती. पण चूक होतीच. चित्रातली तार ढिली आहे. खुंटीपासून निघते आणि मध्ये चांगली झोळ खाऊन करवंटीवर येते, कपडे वाळत घातलेल्या दोरीसारखी. मी व्हायोलिन शिकलेली. अशी तार वाजत नाही, हे मला शिकवायची गरज नव्हती. पुढे पुढे मी आणखीही चुका काढल्या. गजाला घुंगरं नाहीत. गुडघ्याजवळ ओट्यावर कसले तरी गोल गोल ठिपके आहेत, ते खडे म्हणावेत की बोरं? डाव्या हाताची करंगळी अर्धीच आहे, म्हणजे हातही धड जमलेला नाही. तुमच्या वडिलांना चित्रकला येत होती, पण वाद्यातलं काही कळत नव्हतं, हे माझं मत. त्यांनी जे पाहिलं तेच काढलं, हे तुमचं. तीस वर्षं आपण दोघं त्या एका तारेवरून वाद घालत आलो. अनिल तर म्हणायचा, घरात टीव्ही नसता तरी चाललं असतं.

आणि ती पेन्सिल. ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. माझ्या शाळेत लोकवाद्यांचं प्रदर्शन होतं. मी चित्र मागितलं आणि तुम्ही विश्वासानं दिलंत. काच काढून मी त्या तारेवर पट्टी ठेवली आणि एच पेन्सिलनं, अगदी हलक्या हातानं, एक सरळ रेघ मारली. मुलांना चुकीचं दिसू नये म्हणून. मला खरंच वाटलं होतं की मी चित्राचं भलं करतेय. प्रदर्शन झाल्यावर चित्र परत आलं, तुम्ही ते खिडकीशी नेलंत आणि बाजारात गेलात. येताना पाव आणलात. त्यातला पांढरा गर काढलात, त्याची गोळी केलीत आणि तासभर ती रेघ टिपत बसलात. ड्रॉइंग ऑफिसातली जुनी रीत, रबरानं कागद सोलवटतो म्हणून. तीन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. चौथ्या दिवशी म्हणालात, "वैजू, नकाशा गिरवणाऱ्या ट्रेसरनं पूल सरळ करायचा नसतो. पूल वाकडा असेल तर तो कागदावर वाकडाच दिसला पाहिजे. नाहीतर लोक मरतात." मी म्हटलं, "इथे कोण मरतंय? एक तार तर आहे." त्यावर तुम्ही पुन्हा दोन दिवस बोलला नाहीत.

तरीसुद्धा माझ्या रियाजाची वेळ ठरल्यावर स्वतःचं ड्रॉइंग टेबल खोलीतून काढून व्हरांड्यात नेलंत ते तुम्हीच. पावसाळ्यात कागद सर्द व्हायचे, लोणावळ्याचं धुकं घरात शिरायचं, तुमची शाई पसरायची, पण टेबल परत आत आणलं नाहीत. "बेसूर वाजवतेस, पण वाजव," म्हणायचात. माहेरी असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. तिथे फक्त पहिला निम्मा भाग म्हणायचे. हे तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. आपल्यात तसं बोलायची सवयच नव्हती, भांडायची होती.

हॉस्पिटलमध्येही भांडलोच. जायच्या आदल्या दुपारी तुम्ही चादरीवर बोटानं रेघा मारत होता. मला पाहून मास्क जरा बाजूला केलात आणि म्हणालात, "तार?" मी म्हटलं, "सरळच हवी, आबा." तुम्ही हसलात. चांगले पोट हलेपर्यंत हसलात आणि मग खोकला लागला. नर्स माझ्यावर ओरडली, आणि शिरीष भावजी बाहेर नेऊन म्हणाले, "वहिनी, निदान आता तरी हो म्हणायचं होतंत." का म्हणायचं? मी हो म्हटलं असतं तर तुम्हाला त्याच क्षणी कळलं असतं की तुम्ही मरताय. मी तुम्हाला मरणाऱ्या माणसासारखं वागवलं नाही, आणि याबद्दल मला कुणाची माफी मागायची नाही.

तुम्हाला जाऊन चार दिवस झाले आणि शिरीष भावजींनी विषय काढला. खंडाळ्यात त्यांच्या मित्राचं रिसॉर्ट होतंय. त्याच्या रेस्टॉरंटची एक आख्खी भिंत 'जुनं मावळ' म्हणून सजवायची आहे. आपलं चित्र तिथे मोठं करून लावतील, मूळ चित्र काचेच्या पेटीत ठेवतील, आणि खाली पितळी पाटीवर तुमच्या वडिलांचं आणि तुमचं नाव येईल. भावजींचा हेतू वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. त्यांना बापाचं नाव कुठेतरी लागावं असं वाटत होतं. संध्याकाळी त्यांनी डिझायनरनं केलेला नमुना माझ्या मोबाइलवर पाठवला. मागे केशरी सूर्य, माणसाच्या ओठांवर किंचित हसू, गुडघ्याजवळचे ठिपके डाग समजून पुसलेले. आणि आबा, तार सरळ! खणखणीत ताणलेली. मला काय वाटलं ते खरं सांगते. घरात सुतक होतं, डोळे रडून सुजले होते, आणि मला आनंद झाला. मी तुमच्या फोटोकडे बघून म्हटलं, "बघा. शेवटी हरलात की नाही?" आणि भावजींना कळवून टाकलं की माझी काही हरकत नाही. तेराव्याला मित्र येईल, तेव्हाच चित्र देऊ, असं ठरलं. म्हणून चित्र तुमच्या खोलीतून काढून हॉलमध्ये तुमच्या फोटोशेजारी आणून ठेवलं.

अकराव्या दिवशी हिरामावशी आली. ओळखलंत ना? लोहगडवाडीची, मे महिन्यात करवंदं घेऊन येते आणि पावसाळ्यात रानभाज्या. तुम्ही व्हरांड्यात बसून तिच्याशी द्रोणाद्रोणासाठी घासाघीस करायचात आणि मग ती जायला निघाली की तिला हाक मारून पुन्हा बसवायचात. वीसेक वर्षं ती आपल्याकडे येतेय. आपल्या पायरीपर्यंत. आत ती कधी आली नव्हती, आणि तिला कुणी ये म्हटलंही नव्हतं. त्या दिवशी पाटी खाली ठेवून ती पायरीवर रडायला लागली. "म्हातारं लय ग्वाड बोलायचं वो," म्हणाली. तुम्ही गोड बोलायचात हे ऐकून मलाही रडू फुटलं, आणि मी तिला हाताला धरून हॉलमध्ये आणलं.

तिनं तुमच्या फोटोला हात जोडले. मग नजर बाजूला गेली, आणि ती जागच्या जागी थांबली. पदरानं डोळे पुसले, जवळ गेली, काचेला नाक लागेल इतकी वाकली.

"ह्यो सुतकात हाय," ती म्हणाली.

मला वाटलं, ती आपल्या घराबद्दल बोलतेय. "हो मावशी," मी म्हटलं, "तेरावा परवा आहे."

"तुमचं न्हाई म्हनत. ह्यो बाबा. ह्यो सुतकात हाय. तार उतरवून ठेवलीया न्हवं का?"

आबा, माझ्या हातातलं पाण्याचं तांब्याभांडं मी टेबलावर ठेवलं. ती सांगत गेली, मी उभी राहिले. तिच्या सासरच्या घरात रीत होती. घरातलं माणूस गेलं की किंगरीची खुंटी फिरवून तार ढिली करायची, गजाची घुंगरं सोडून ठेवायची, आणि तेरा दिवस वाद्याला आवाज करू द्यायचा नाही. पण ते खाली ठेवायचं नाही, कोनाड्यात ठेवायचं नाही, जवळ मांडीवरच घेऊन बसायचं. "मानूस दुखात आसल तर तिलाबी दुख नको का?" असं म्हणाली. मग गुडघ्याजवळच्या ठिपक्यांवर बोट ठेवून, "ही बगा घुंगरं. सोडून ठेवल्यात."

आपली बोरं, आबा. आपले खडे.

मी विचारलं, "मावशी, तुम्ही गोसावी?" वीस वर्षांनी विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही, आश्चर्यानं. "व्हय. म्हंजी काय?" आणि पुन्हा काचेवर वाकली. डाव्या हातापाशी तिचं बोट थांबलं.

"करंगळी तुटल्याली हाय," ती म्हणाली. "ताई, ह्यो आमचा धोंडूनाथ हाय. माज्या सासऱ्याचा बाप. इळ्यानं करंगळी गेलती त्येची."

तिनं सांगितलं ते तुम्हाला जसंच्या तसं सांगते, तुमच्या पद्धतीनं, काही न वाढवता. तिचा सासरा अंगावर पीत होता तेव्हा त्याची आई गेली. धोंडूनाथ देवळाच्या ओट्यावर बसून होता. तळेगावाकडनं एक मास्तर सायकलवरून आला, म्हणाला, वाजव, तुझं चित्र काढायचंय. धोंडूनाथ म्हणाला, बायको गेलीय, वाजवणार नाही. मास्तर निघून गेला नाही. "मास्तर म्हनला, नगं वाजवू. बस नुसता. मी बी बसतो." आणि दोघं दिवस मावळेपर्यंत बसले. मास्तरनं कागद भरला, दाखवला, आणि घेऊन गेला. हिरामावशीच्या सासऱ्यानं ही गोष्ट बापाकडून ऐकली होती आणि तो ती म्हातारपणापर्यंत सांगत होता. "मामंजी मरस्तवर इचारायचं, मास्तरानं नेल्यालं चित्र कुटं आसंल गं? आईचा त्येवडाच काय तो माग हाय. आमी म्हनायचो, आता कुटं घावायचं?"

कुठं घावायचं! लोहगडवाडी इथून किती लांब आहे, आबा? सकाळी निघालेली बाई करवंदं विकून दुपारच्या भाकरीला घरी पोचते. ते शोधत होते आणि ती इथे, आपल्या पायरीवर येऊन बसत होती, आणि चित्र भिंतीपलीकडे होतं. एका भिंतीपलीकडे.

त्या रात्री मला तुमचा इतका राग आला की विचारू नका. होय, तुमचा. तुम्ही बरोबर होतात, अक्षर न् अक्षर बरोबर, तुमच्या वडिलांनी पाहिलं तेच काढलं होतं. पण तीस वर्षांत तुम्हाला एकदाही वाटलं नाही की जाऊन कुणाला तरी विचारावं, तार ढिली का? मलाही वाटलं नाही. मी पुस्तकं धुंडाळली, पुण्याच्या ग्रंथालयांत जाऊन बसले, माझ्या गुरुजींना चित्राचा फोटो दाखवला. तुम्ही भिंग घेऊन शाईची जाडी मोजलीत. ज्यांचं वाद्य, त्यांना विचारायचं सोडून आपण सगळं केलं. खाली 'भिक्षेकरी' लिहिलेलं होतं ना, भिक्षेकऱ्याला पीठ घालतात, त्याला विचारत नाहीत. तुमच्या वडिलांनी तरी दिवसभर त्याच्याजवळ बसायचं सौजन्य दाखवलं. नाव लिहायला मात्र तेही विसरले.

आणि मी? मी तर त्याच्या दुःखावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली होती.

तर मग तेरावा. भावजींचा मित्र गाडी घेऊन आला, चांगला माणूस, फोटोला हार घालून कोपऱ्यात बसला. मी भावजींना मधल्या खोलीत बोलावलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वहिनी, गोष्ट छान आहे. खाली छोटी लिहून लावू." मी म्हटलं, तार आधी होती तशी करा. त्यांनी डिझायनरला फोन लावून माझ्या हातात दिला. तो मुलगा नम्रपणे म्हणाला, "मॅडम, जेवायला आलेल्या गेस्टना सॅड फील नको. शिवाय लूज स्ट्रिंग म्हणजे इन्स्ट्रुमेंट तुटलेलं वाटतं." आबा, तीस वर्षं मी तुम्हाला जे सांगत आले तेच तो मला सांगत होता, माझ्याच आवाजात. मी फोन बंद केला आणि म्हटलं, "चित्र द्यायचं नाही."

तिथून आवाज चढले. भावजी म्हणाले, शब्द दिलाय. मी म्हटलं, मी दिला होता, मीच मागे घेतेय. ते म्हणाले, एका करवंदवालीच्या सांगण्यावरून? मी म्हटलं, होय, एका करवंदवालीच्या सांगण्यावरून, कारण आपल्या घरातल्या चार पदवीधरांना जे कळलं नाही ते तिला काचेबाहेरून कळलं. तेव्हा त्यांनी तुमची वही आणली. तुमच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात शेवटच्या पानावर लिहिलंय, 'चित्र घरातच राहावे. कोणासही देऊ नये.' भावजी म्हणाले, "ठीक आहे. रिसॉर्टला नको. पण मग आबांची इच्छा हीच आहे. ते घरात राहील." सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्यांना वाटलं, आता वाद मिटला. सुनेचं राहिलं, मुलाचंही राहिलं, आणि गेलेल्या माणसाच्या शब्दाचा मान राहिला.

मी म्हटलं, "नाही. ते त्यांच्या घरी जाणार."

अनिल तोवर काही बोलला नव्हता. तुमचा मोठा मुलगा, तुम्हाला ठाऊकच आहे, दोन माणसं भांडत असली की हा कुलूपकिल्ली शोधायला लागतो. त्या दिवशीही त्यानं किल्ली शोधली, पण गाडीची. म्हणाला, "पाऊस यायच्या आत जाऊन येऊ."

लोहगडवाडीत हिरामावशीच्या मुलाची टपरी आहे. गड चढणाऱ्यांसाठी पिठलं-भाकरी, ताक, लिंबू सरबत. रविवारी पाय ठेवायला जागा नसते, पण आम्ही गेलो त्या दिवशी चारच गिऱ्हाइकं होती. मागे घर. भिंतीवर भैरवनाथाच्या फोटोखाली एक खिळा आणि त्याला नुसती दांडी टांगलेली. करवंटी फुटली, कातडं उंदरांनी खाल्लं, तार कुठे गेली ठाऊक नाही. मुलगा, संतोष, म्हणाला, "बापानं सोडलं वाजवायचं. किंगरी घेऊन दारात गेलं की लोक म्हनायचं, धडधाकट हायस, काम कर. मग केलं काम." त्याच्या बोलण्यात रड नव्हती. त्याला कुणाचं सांत्वन ऐकून घ्यायचं नव्हतं आणि कीव तर अजिबातच नको होती.

हिरामावशीनं आधी नको म्हटलं. "तुमच्या म्हाताऱ्यानं जपल्यालं. आनि आमच्या भितीला वल धरती पावसात." मी म्हटलं, मागे नवा जाड पुठ्ठा घातलाय, चौकट भिंतीपासून बोटभर पुढे लावा. संतोषनं लगेच टेप आणून मापं घेतली, चुलीपासून लांबची भिंत ठरवली, आणि चित्र तिथे राहायचंच आहे म्हटल्यावर खिळ्याऐवजी ड्रिल आणायला शेजारी गेला. मावशी चित्र मांडीवर घेऊन बसून राहिली. मग मला म्हणाली, "मामंजी आसतं तर आज जेवलं नसतं आनंदानं." तिनं चित्रातल्या माणसाशी हलक्या आवाजात काहीतरी बोलून घेतलं. ते मी ऐकलं नाही, ते माझ्यासाठी नव्हतं.

आपल्या घरी परत आले तेव्हा भावजी पुण्याला निघून गेले होते. अजून फोन नाही. येईल, नाही आला तर मी करेन, पण चित्राबद्दल माघार घेणार नाही. तुमच्या नात्यातले लोक म्हणताहेत, सुनेनं घराण्याची आठवण वाऱ्यावर सोडली, सासऱ्याचा शेवटचा शब्द मोडला. मोडला. मी तो चुकून मोडला नाही, जाणूनबुजून मोडला. तुम्ही असतात तर आकाशपाताळ एक केलं असतंत, आठवडाभर बोलला नसतात, व्हरांड्यातल्या टेबलाशीच बसून राहिला असतात. तरी मी चित्र दिलंच असतं. इतकं मात्र केलं असतं की तुम्हाला सोबत घेऊन गेले असते, हिरामावशीच्या घरात, पायरीवर नाही, आत, आणि तिच्या तोंडून तुम्हाला ते सगळं ऐकवलं असतं. तुमच्या वडिलांनी एका माणसाच्या दुःखाला हात लावला नाही, ते जसं होतं तसं काढलं, हे ऐकताना तुमचा चेहरा कसा झाला असता, ते मला बघायचं होतं. ते मला मिळालं नाही. त्याचं दुःख आहे आणि ते कशानंही भरून येणार नाही.

जे जिवंतपणी म्हटलं नाही ते आता लिहून देते, खाली सही करून, म्हणजे नंतर मला फिरवता यायचं नाही. तार ढिलीच होती, आबा. तुमचं बरोबर होतं, माझं चूक. चित्र मात्र मी देऊन टाकलं.

– वैजयंती